टेलचं पाणी

उन्हाळी आवर्तन सुटलं की पाणी आमच्यापर्यंत पोहोचायच्या आधी त्याचा वास पोहोचतो. लोक कौतुकाने ज्याला मृद्गंध म्हणतात, तो हा नव्हे. हा वास कुजक्या पाल्याचा, शेवाळाचा आणि वरच्या गावांनी वर्षभर कालव्यात जे जे टाकलं त्या सगळ्याचा. मग पाण्याचं तोंड दिसतं. ते पाण्यासारखं दिसतच नाही. पुढे वाळकी पानं, फेस, थर्माकोलच्या पत्रावळ्या, एखादी एकटी चप्पल आणि त्यांच्यामागून दबकत येणारं गढूळ काहीतरी. दोन्ही कडांनी बगळे चालत असतात, कारण भेगांतले किडे जीव घेऊन बाहेर पळतात. परवा ते यंदाही तसंच आलं आणि मी बांधावर उभी राहून पाहत होते.

देवळाली प्रवरेच्या पुढे आमची चारी जिथे संपते, तिथे आमचं रान आहे. धरणातून कालव्याला वर्षात मोजक्या वेळा पाणी सोडतात, त्यालाच आवर्तन म्हणतात; कालव्यातून ते चाऱ्यांत उतरतं आणि चारीवर ज्याची त्याची पाळी ठरलेली असते. चारीच्या सुरुवातीला हेड म्हणतात, शेवटाला टेल. नियमाने पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वर सरकत हेडकडे जायचं. नियम चांगला आहे, आणि चांगल्या नियमाचं होतं तेच त्याचंही होतं. टेलची माणसं त्यामुळे थोडी खवचट असतात. मी टेलची आहे, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवलेलं बरं.

हा वास नाकात गेला की मला तो एकच उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात मी आणि सागर मोबाईलवरचा एक गेम तयार करत होतो. सागर माझा कॉलेजातला मित्र, ह्याच कालव्यावरचा, पण हेडच्या गावचा. पुण्यात आम्ही दोघं एकाच कंपनीत लोकांचे गेम करायचो. मी कोड लिहायचे, तो चित्रं काढायचा. माझ्या उमेदीची वर्षं मी एक गोष्ट ठरवण्यात घालवली, की खेळणाऱ्याला नाणं मिळालं की ते किती उंच उडावं, किती चमकावं आणि पडताना कसं खणखणावं. मोठमोठी माणसं काचेच्या खोलीत बसून त्या खणखणाटावर चर्चा करायची. कोणी म्हणायचं अजून गोड हवा, कोणी म्हणायचं अजून चटकदार. त्या खोलीची आठवण झाली की मला आजही शिसारी येते. एक दिवस दोघांनीही राजीनामे दिले आणि आपला स्वतःचा गेम करायचा म्हणून आमच्या रानातल्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटर मांडले.

गेमचं नाव 'चारी'. त्यात तुम्हाला टेलचा एक तुकडा मिळतो, एक खोरं मिळतं, आणि समोर सऱ्या. पाणी आलं की सरीच्या तोंडाची माती ओढायची, पाणी आत घ्यायचं, सरी भरली की तोंड बुजवून पुढची उघडायची. आमच्याकडे ह्याला दारं धरणं म्हणतात. सरी भरली हे गेममध्ये कुठेही लिहून येत नाही. ते ऐकायचं. तापलेल्या काळ्या जमिनीच्या भेगेत पाणी शिरलं की आतली हवा बुडबुड करत वर येते, आधी जोरात, मग अडखळत, मग एखादाच बुडबुडा, आणि मग शांत. शांत झालं की दार बदलायचं. गुण नाहीत, तारे नाहीत, शाबासकी देणारी बाई नाही.

तो आवाज मिळवण्यासाठी आम्ही भर एप्रिलात रानात पालथे पडून राहायचो, माइक भेगेत सोडून. जवळून ऐकलं तर जमीन पाणी पिताना खरोखरच घोट घेते. मधेच एखादा किडा माइकवरून चालत गेला की कानात बैलगाडी गेल्यासारखं वाटायचं. कोपरं भाजायची, गवताचं कुसळ कपड्यांत शिरायचं, आणि सागर तिथेच वहीत भेगांची चित्रं काढायचा. इतक्या भेगा त्याने काढल्या, पण एकीसारखी दुसरी नव्हती. आप्पा, म्हणजे माझे वडील, बांधावरून पाहायचे. एकदा म्हणाले, "जमिनीला ताप आलाय व्हय गं? दोघं बी नळी लावून बसलाय." इतकं मनापासून मी त्या आधी कधी काम केलं नव्हतं. सागरनेही केलं नव्हतं, हे त्याच्याबद्दल पुढे जे सांगणार आहे त्याच्या आधीच सांगून टाकते.

पण त्या गेमातली खरी नवी गोष्ट आवाज नव्हती, पाणी होतं. गेममधलं पाणी माझ्या हातात होतं, आणि मी ते कधी सोडणार ते ठरलं होतं: आमच्या खऱ्या चारीच्या टेलला खरं पाणी पोहोचेल त्याच दिवशी. मी बांधावर उभी राहून फोनवरचं बटण दाबायचं, की सगळ्या खेळणाऱ्यांच्या चारीला पाणी सुटायचं. तोवर त्यांनी चारीतलं गवत काढावं, गाळ उपसावा, बांध लिंपावा आणि वाट पाहावी. पाणी आलं तेव्हा तुम्ही हजर नसाल, तर ते तुमच्यासाठी थांबणार नाही, ओढ्याला जाईल. विकत मिळणार नाही, मागून मिळणार नाही, ओळखीवर मिळणार नाही. असा गेम आजवर कोणी केला नव्हता. त्याची मला घमेंड होती आणि अजून आहे.

गेम स्टोअरवर गेला आणि त्यानंतरचं आवर्तन नेमकं लांबलं.

आमच्याकडे पाणी कधी येणार हे कोणी विचारत नाही. विचारून काय होतं? त्यामुळे गेममध्येही ते कुठे सांगावं, असं आम्हा दोघांच्या स्वप्नातही आलं नाही. लोकांनी गेम उघडला, कोरडी चारी पाहिली, खोरं दोनदा आपटलं आणि लिहिलं, "गेम हँग होतो." दुसऱ्याने लिहिलं, "पाणी येत नाही, एक स्टार." एका महाभागाने फुकट घेतलेल्या गेमचे पैसे परत मागितले. मी दात खाऊन वाचत बसायचे. हँग! अरे, याला वाट पाहणं म्हणतात. तुमच्या आईबापांनी तुमच्यासाठी ते कधीतरी केलं असेल, घरी जाऊन विचारा. असं मी उत्तरात लिहिलंही होतं. सागरने ते पुसून टाकलं.

आणि ज्यांना गेम आवडला, ते तर आणखी वरचढ निघाले. कुठल्याशा स्पर्धेचे परीक्षक ऑनलाइन भेटले. गार खोलीत बसलेली तीन प्रसन्न माणसं. एकजण म्हणाला, खेळताना ध्यान लागल्यासारखं वाटतं. आमच्याकडे दारं धरताना ज्याचं ध्यान लागतं, त्याचा बांध फुटतो. एक बाई हळुवारपणे म्हणाल्या, सगळं सुंदर आहे, पण एखादा बैल असता तर मातीशी नातं अजून जाणवलं असतं. आमच्या दारात बैल शेवटचा कधी होता, हे आठवायला आप्पांना डोळे मिटावे लागतात. त्यांना आमचं नवं काही नको होतं, त्यांच्या मनातलं जुनं खेडं नव्या फोनवर हवं होतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी आधीही पाहिलं होतं, पण यांचा उंटही वातानुकूलित होता. बक्षीस अर्थात बैलवाल्या कोणालातरी मिळालं.

मग एका दुपारी सल्लागार आला. गेम विकत घेऊन बाजारात आणणारी एक कंपनी होती, तिचा हा पुण्यातला माणूस. पांढरी गाडी त्याने लिंबाखाली लावली, पांढरे बूट झटकले आणि पत्र्याच्या खोलीत पंख्यासमोर बसला. आईने दिलेलं ताक आधी हुंगलं, मग प्यायला. अंगठ्याने गेम चाळत म्हणाला, "ब्युटिफुल आहे. आर्ट तर क्लासच. पण पाणी कधी येतं?"

"येतं तेव्हा," मी म्हणाले.

"मग तोपर्यंत युजर काय करतो?"

"चारी साफ करतो."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. एखाद्या मूर्खाला अचानक गुप्तधन दिसावं तसा त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मॅडम, तुमच्याकडे तहानलेला युजर बसलाय, आणि तुम्ही त्याला पाणी विकत नाही?"

तो पुढे टँकरबद्दल बोलायला लागला. टँकर येईल, नाणी देऊन पाणी घेता येईल, जाहिरात पाहिली तर अर्धा टँकर फुकट, शेजाऱ्याची पाळी फोडली, म्हणजे त्याच्या पाळीचं पाणी पळवलं, तर बोनस. त्याला यात काहीच वावगं दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर मला राग आला नाही. चिखलात डुक्कर लोळतं म्हणून कोणी त्याच्यावर रागावत नाही. मला राग आला तो सागरचा, कारण तो ऐकत होता.

सल्लागार गेला आणि मग पुढचे कितीतरी दिवस आमचं तेच भांडण. बाहेर ऊन इतकं की पत्रा तडतडायचा. आवर्तनाचा पत्ता नाही, आणि गेममधून रोज माणसं निघून जात होती. सागर म्हणायचा, "आपला गेम हाय का पाटबंधाऱ्याचं हापीस? सोड की थोडं पाणी. बटन तर दाबायचंय."

"टेलला पाणी नाही," मी म्हणायचे.

"अगं, त्या बेंगलोरच्या पोराला काय करायचंय तुझ्या टेलचं?"

"मग त्याने दुसरं काही खेळावं."

एकदा तो चिडून उठला. म्हणाला, "तू टेलची हायेस, म्हणून तुला वाट बघायचं लई कौतुक. आमी हेडचे. आमच्याकडं दार उघडलं की पानी. निम्मं जग हेडचं हाय अश्विनी, त्यांनी काय पाप केलंय? मला माझी चित्रं लोकांच्या फोनवर बघायचीत. आमच्या वस्तीवरच्या पोरांच्या फोनवर. कुन्या परीक्षकाच्या न्हाई." त्याचे डोळे भरले होते. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला ते जास्त लागलं. मी म्हणाले, मग काढून घे तुझी चित्रं. त्याने काढून घेतली. आवाज, कोड आणि नाव माझ्याकडे राहिलं. भेगा, सऱ्या, बगळे सगळे तो घेऊन गेला. त्याच्यामागे 'चारी'मध्ये मी स्वतः काढलेल्या रेघोट्या राहिल्या. मला चित्र काढता येत नाही, आणि ते दिसतं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या सल्लागाराच्या कंपनीचा, सागरच्या चित्रांचा 'टँकर सम्राट' बाजारात आला. मी तो एकदा खेळले, नाक दाबून. टँकर हॉर्न वाजवत येतो. नाणी उडतात, तीच नाणी, तसाच गोड चटकदार खणखणाट. पाणी असं काही नाहीच, एक निळा पट्टा आहे, तो भरतो. 'पाळी फोडा' असं लाल बटण आहे, ते दाबलं की शेजाऱ्याचा निळा पट्टा तुमच्याकडे येतो आणि शेजारी कपाळावर हात मारून घेतो. मागे, अगदी कोपऱ्यात, सागरने काढलेली एक भेग दिसते. तिच्यात नाणं पडतं.

आमच्या तालुक्यात एकेकाळी बाजरी, हुलगा, मटकी, करडई असं काय काय व्हायचं म्हणतात. मग उसाला पैसा मिळाला, आणि सगळ्यांनी ऊस लावला. आता कालव्याच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती एकच हिरवा रंग आहे, आणि त्यात शिरलं की आपण कोणाच्या रानात आहोत ते मालकालाही चटकन सांगता येत नाही. त्याबद्दल मी कोणाला नावं ठेवत नाही, आमच्यातही ऊसच आहे. पण ऊस लावणारा निदान आपण काहीतरी नवं केलं म्हणून छाती काढून फिरत नाही. गेमवाले फिरतात. एकाने गेममध्ये रंगीत गोळ्या फोडल्या की दहा जण गोळ्या फोडतात, दहाही जण स्टेजवर जाऊन कल्पकतेवर भाषण देतात, आणि खाली बसलेले टाळ्या वाजवतात. तशा एका कार्यक्रमाचा सागरचा व्हिडिओ मला कोणीतरी पाठवला होता. तो जाड झाला होता आणि चांगला कोट घातला होता. "लोकांची तहान ओळखा," असं सांगत होता. मी अर्ध्यात बंद केला.

पण माणसं अशीच असतात याची माझी खरी खात्री पटली ती चारीवर. त्या उन्हाळ्यात आवर्तन सुटलं तेव्हा टेलचे आम्ही सगळे जण बांधावर पाण्याची वाट पाहत बसलो होतो. आमच्या भावकीतले दत्तूनाना त्यात होते. पाणी वापर संस्थेच्या प्रत्येक बैठकीत "आधी टेल, मग हेड" असं टेबल ठोकून सांगणारे ते हेच दत्तूनाना. पाणी येईना म्हणून मी वर चालत जाऊन आले. वरच्यांनी चारीत सरळ पाइप टाकले होते. धापा टाकत परत येऊन मी म्हणाले, "नाना, वर पाणी उचलतायत. चला लवकर."

नानांनी फोनवरून मान वर केली नाही. "थांब गं जरा. टँकर भरतोय."

मी सगळ्यांकडे पाहिलं. ओळीने फोन, ओळीने खणखणाट. कोणीतरी आनंदाने ओरडलं, "फोडली! नानाची पाळी फोडली!" नानांनी त्याला शिवी हासडली आणि सगळे खदखदून हसले. कोरडी चारी पायाशी होती. मी म्हणाले, असा खेळ तुम्हाला खेळवतो तरी कसा? तेव्हा मात्र नानांनी वर पाहिलं. "तुझ्या गेमात काय हाय गं? हितं बी बसायचं, तिथं बी बसायचं? येवढं बसून आमाला काय मूळव्याध करून घ्यायचीय व्हय?"

पुन्हा हशा. त्या दिवशी मी घरी येऊन रडले, आणि रडण्यापेक्षा जास्त वेळ त्यांना मनातल्या मनात शिव्या देत बसले. ज्यांच्यासाठी केलं म्हणावं, ते हे. परीक्षकांना बैल पाहिजे, सल्लागाराला तहान पाहिजे, आणि तहानलेल्यांना शेजाऱ्याची पाळी पाहिजे. मला माणसांचाच वीट आला. त्यानंतर मी दुसरा गेम केला नाही. आता एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळते. तिथे कोणी कल्पकतेचं नाव काढत नाही, म्हणून बरं चाललंय.

'चारी' मात्र मी काढून टाकला नाही. अधूनमधून थोडी डागडुजी केली नाही तर स्टोअर गेमला बाहेर काढतं, तेवढी मी करते. किती जण खेळतात ते पाहायचं मी केव्हाच सोडलं. दर आवर्तनाला टेलला पाणी आलं की बांधावरून बटण दाबते, जसा एखादा रिकाम्या देवळातही दिवा लावून येतो. त्यात भक्ती नसते, हट्ट असतो. परवाही पाण्याचं तोंड आलं, बगळे आले, चप्पल आली. पहिली भेग घोट घ्यायला लागली तसं मी बटण दाबलं आणि खोरं उचलून दारं धरायला गेले.

काल दुपारी फोन आला. नंबर अनोळखी. पलीकडे केस वाळवायच्या मशीनचा घर्रर्र आवाज आणि त्यावर चढवलेला एका बाईचा आवाज.

"हॅलो, ते चारी गेमवाले का?"

"हो. बोला."

"मी पुणतांब्याहून बोलतीय. माझं पार्लर हाय हितं. तुमी परवा पानी सोडलं व्हय?"

"हो, सोडलं."

"मग सांगून सोडायचं न्हाई? किती दिस झालं मी चारी साफ करून ठिवली हुती. बांध लिंपला हुता. आमच्या कालव्याला अजून टिपूस न्हाई, मला वाटलं सुटायचंय. परवा नवरीचा मेकअप चालला हुता, हात भरल्याले. सांजच्याला बघती तर निम्मं पानी वढ्याला! आमचे कालव्यावाले बी असंच करत्यात, कवा सोडतील त्याचा मेळ न्हाई. तुमी बी तसल्याच निघाल्या."

जगाला तुच्छ लेखायची इतकी सवय झाली होती, आणि ह्या बाईने मला एका वाक्यात त्याच जगात नेऊन बसवलं. सगळ्या महाराष्ट्राचं आवर्तन माझ्या बांधावरून सुटतं अशी माझी समजूत होती. पुणतांब्याला वेगळा कालवा आहे, एवढंही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लाज वाटली, आणि लाजेच्या भरात मी ते बोलून गेले, जे सागरने इतकं विनवूनही मी कधी कबूल केलं नव्हतं.

"ताई, चूक माझी आहे. तुमच्यापुरतं परत सोडते. एक बटण दाबायचंय फक्त."

मशीन बंद झालं. "कुनाला, एकटीला?"

"हो. कोणाला कळणार नाही."

"आसं कुटं आस्तंय का? पाळी गेली ती गेली." मागे कोणीतरी "मावशी, माझं झालं का?" विचारत होतं. "आर्धं भिजलंय, बास हाय तेवढं. तुमी आपलं पुढच्या टायमाला आदल्या दिशी सांगा. लगीनसराई आसली तरी त्या दिशी मी बुकिंग घेनार न्हाई."